पाणी थांबेपर्यंत

१

क्रीडासंकुलाचं काय करायचं, हे घोंगडं पालिकेतल्या आमच्या खात्यात इतकी वर्षं भिजत पडलं होतं की ते माझ्या टेबलावर आलं तेव्हा मला रागही आला नाही. नुसता कंटाळा आला. साहेबांनी फाइल पुढे सरकवली आणि म्हणाले, "बाई, तुमच्याशिवाय हे कोण करणार?" म्हणजे बाकी सगळ्यांनी आधीच हात वर केले होते.

तीन मार्ग होते. डागडुजी करून आपणच चालवायचं, कुणातरी कंपनीला चालवायला द्यायचं, नाहीतर पाडून टाकायचं. "मी काही सुचवत नाही हं," असं म्हणत साहेब दर वाक्यात पाडण्यावर येत होते. मी इमारतीची नव्याने मापं घ्यायची, लोकांची एक सभा घ्यायची आणि शेवटी अभिप्राय लिहायचा. सही त्यांची, शिव्या मला. निवृत्तीला आलेल्या माणसाला असलीच कामं देतात. त्याला भांडायचाही कंटाळा आलेला असतो.

संकुल म्हणजे एक मोठा बॅडमिंटन हॉल, वर गंजक्या वजनांची व्यायामशाळा, गळतो म्हणून कोरडा केलेला मोठा टँक, आणि मागच्या बाजूला कोमट पाण्याचा छोटा टँक. दारातून आत गेलं की क्लोरीन, ओलं रबर आणि कुणाचे तरी जुने बूट, असा मिळून एक वास यायचा. शहरात कोणालाही विचारा, संकुल पाहिजेच म्हणेल. शेवटचे कधी गेला होतात, असं विचारलं की डोकं खाजवायला लागेल.

मला मात्र ते खरंच हवं होतं. आमच्या ह्यांना मागच्या वर्षी झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. हे विमा एजंट होते, बोलणं हाच धंदा. रस्त्यात पत्ता विचारणाऱ्याशी अर्धा तास गप्पा मारून त्याच्या मुलीच्या शिक्षणाची चौकशी करून येणारा माणूस आता "ते" आणि "हो ना" एवढ्यावर आला होता. फिजिओथेरपिस्ट म्हणाला, कोमट पाण्यात चालवा, पाण्यात पायावर भार येत नाही. असा टँक अख्ख्या शहरात एकच. तो बंद झाला असता तर ह्यांचं चालणं तिथेच संपलं असतं.

हे मी साहेबांना आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, "मग तर उत्तमच. तुम्हाला आतली माहिती आहे." साहेबांपुढे हात टेकायचे आणि कामाला लागायचं, दुसरं काय.

२

मापं घ्यायला दोन माणसं लागतात. एकजण टेपचं शून्याचं टोक भिंतीला लावतो आणि "धरलं" म्हणतो. दुसरा टेप ताणतो, आकडा वाचतो, लिहितो आणि "सोड" म्हणतो. वर्षानुवर्षं हे केलं की समोर बघायची गरजही वाटत नाही. मान खाली आणि टेपवर डोळा, एवढंच.

माझ्याबरोबर आमचा ड्राफ्ट्समन होता. त्याला सगळं ऑफिस पेन्सिल म्हणतं, कारण ती कायम त्याच्या कानामागे असते आणि तो कायम ती शोधत असतो. बॅडमिंटन हॉलमध्ये आमचं काम बरं चाललं होतं. रुंदी झाली. पेन्सिल टोक घेऊन पलीकडच्या भिंतीशी गेला असेल असं धरून मी लांबीसाठी दाराकडच्या भिंतीशी गेले, गुडघे कुरकुरले म्हणून त्यांना दोन शब्द सुनावले आणि खाली बसून ओरडले, "धर रे!"

टेप ताणली गेली. खिळ्याला अडकवलेली टेप आणि माणसाने धरलेली टेप यात फरक असतो. खिळा नुसता अडून बसतो. माणसाच्या हातात थोडं घेणं-देणं असतं, तो टेप सरळ करतो, किंचित सैल सोडतो, परत घट्ट करतो. तसंच झालं. मी आकडा लिहिला, सवयीने "सोड" म्हटलं आणि टेप फरशीवरून सळसळत परत आली.

"माझ्या बायकोचा फोन होता," माझ्या मागून पेन्सिल म्हणाला. "आत रेंजच नाही हो. काय घ्यायचं राहिलंय, लांबी?"

तो माझ्या मागच्या दारातून आत येत होता. हॉल पुढे लांबच्या लांब रिकामा पडला होता.

टोक फरशीच्या फटीत अडकलं असेल, असं स्वतःला सांगितलं. पण आकडा बघितला तेव्हा तो कमी भरला होता, चांगला खोलीभर कमी. पेन्सिलने पिशवीतून जुना नकाशा काढला. हा हॉल पूर्वी लहान होता, पलीकडची भिंत पाडून तो वाढवलेला. माझा आकडा त्या पाडलेल्या भिंतीपर्यंतचा होता.

"मग बरोबर आहे," पेन्सिल म्हणाला. "जुन्या भिंतीच्या जागी जोड असणार. तिथे अडकली."

पटण्यासारखं होतं. आम्ही दोघं तिथपर्यंत चालत गेलो. फरशी सगळी नंतर नव्याने घातलेली, गुळगुळीत. नख अडकायलाही फट नव्हती. पेन्सिल कानामागची पेन्सिल खिशात शोधायला लागला. मग आम्ही पुन्हा माप घेतलं, या वेळी एकमेकांकडे बघत, आणि ते नीट आलं.

३

दुपारची वेळ टँकवर म्हाताऱ्यांची आणि पेशंटांची. कठड्याची नळी धरून ह्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं आणि मी काठावर बसून "शाब्बास" म्हणायचं, असा आमचा संसार. सुरुवातीला फार छान चाललं होतं. पाण्यात उतरलं की ह्यांच्या अंगातला ताठरपणा जायचा, चेहरा सैल व्हायचा. एकदा तर मधेच थांबून "गरम" म्हणाले. इतक्या महिन्यांतला पहिला नवा शब्द. मी काठावर बसून रडले, आणि बाजूच्या आजींनी मला त्यांचा ओला टॉवेल दिला.

तिथली लाइफगार्ड एक चाळिशीची बाई होती. गळ्यात शिट्टी, हातात विणकाम, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल तक्रार. आम्ही सगळे तिला शिट्टीच म्हणायचो, तिच्या तोंडावर. तिचा एक नियम होता. वेळ संपली, शेवटचा माणूस बाहेर आला, तरी पाणी थांबेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. हलत्या पाण्यात तळ दिसत नाही. पाणी थांबलं, खालच्या फरश्या स्वच्छ दिसल्या, खाली कोणी राहिलेलं नाही याची खात्री झाली, की मग दिवे बंद.

मापांच्या त्याच आठवड्यात मी ह्यांना शॉवरखाली बसवून कपडे घ्यायला बाहेर आले, तर शिट्टी खुर्चीत तशीच बसून होती. विणकाम मांडीवर पडलं होतं.

"घरी नाही जायचं?" मी विचारलं.

"जायचंय की. पण हे थांबू दे ना, मॅडम. हल्ली थांबतच नाही."

"पंप चालू असेल."

"पंप मीच बंद करते."

"मग खाली कुठेतरी गळत असेल. मोठ्याला गळती लागली तशी यालाही लागली असेल. अभिप्रायात लिहावं लागेल."

"लिहा," ती म्हणाली. "पण गळतीचं पाणी असं जातं का, सांगा मला. तुम्ही शिकलेल्या आहात."

मी बघितलं. पाणी सगळीकडे हलत नव्हतं. कठड्याच्या नळीला लागून एक लाट हळूहळू पुढे चालली होती, कोणी छातीभर पाण्यातून चालावं तशी, दोन्ही बाजूंना पाणी सारत. भिंतीपाशी पोचली. थोडी थांबली. मग वळून परत यायला लागली. तिची चाल एका बाजूला ओढल्यासारखी होती. तशी चाल मी रोज बघत होते.

"छताचा पंखा," मी म्हटलं.

शिट्टीने वर बघितलं. मीही बघितलं. पंखा बंद होता. आतून ह्यांनी काठी आपटली, गारठले असतील म्हणून मी टॉवेल घेऊन धावले.

४

त्यानंतर ह्यांची प्रगती थांबली. थेरपिस्ट म्हणाला, होतं असं, मध्ये एक टप्पा येतो. मी मान डोलावली. गेल्या वर्षभरात इतक्या लोकांपुढे मान डोलावली आहे की मानेचा पट्टा घ्यायची वेळ आली आहे.

पण फक्त थांबली असती तर मी काही म्हटलं नसतं. ती उलटी चालली होती. टँकवरून घरी आले की हे खुर्चीत पडायचे ते पडायचेच. "गरम" गेलं. मग "हो ना" गेलं. डाव्या हाताने चमचा धरायचे तोही हात कापायला लागला. पाण्यात मात्र पाय पूर्वीपेक्षा भराभर पडत होते, हे मी स्वतः बघत होते. पाण्यातून बाहेर काढताना ते दर वेळी थोडे जड लागायचे, आणि मी म्हणायचे, माझंच वय झालं.

एका संध्याकाळी त्यांनी मला हाताने बोलावलं. दोन बोटं वर केली. मी दोन बिस्किटं आणून दिली. त्यांनी ती बाजूला सारली, परत दोन बोटं वर केली आणि मग तीच बोटं स्वतःच्या छातीवर टेकवली.

"दोन वाजता? नाही? दोघं? दोघं कोण, अहो?"

तोंड हललं. आवाज आला नाही. मग त्यांनी मागच्या बाजूला, संकुल आहे त्या दिशेला हात केला आणि पुन्हा छातीवर बोटं टेकवली.

झटक्यानंतर शब्दांची अदलाबदल होते, हे मला स्पीच थेरपिस्टने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एकाला दोन म्हणतील, पाण्याला चहा म्हणतील, मनाला लावून घेऊ नका. मी लावून घेतलं नाही. चादर नीट केली, गोळी दिली, दिवा घालवला. अंधारात ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत कीव होती. माझी कीव! नवरा शेजारी असताना मला एकदम फार एकटं वाटलं.

५

लोकांची सभा बॅडमिंटन हॉलमध्ये घेतली, रविवारी सकाळी. ह्यांना घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून बरोबर आणलं आणि पहिल्या रांगेत माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. सभा म्हणजे नुसतं गुऱ्हाळ. टेबल टेनिसचे एक काका उठले आणि आपण तरुणपणी इथे कोणाकोणाला हरवलं ते सांगायला लागले. एक आई म्हणाली, मुलांना जागा नाही. मुलं कितवीत आहेत विचारलं तर कॉलेजात निघाली. एका दुकानदाराला पार्किंग हवं होतं, पण तसं म्हणायची लाज वाटत होती म्हणून तो "मोकळी हवा" म्हणत होता. साहेब हसऱ्या चेहऱ्याने घड्याळ बघत होते.

काकांचं चऱ्हाट चालू असतानाच मागच्या बाजूने आवाज आला. पाण्याचा, आणि त्यावरून एका पुरुषाचं हसणं.

टँक रविवारी बंद असतो. कुलूप मी स्वतः येताना बघितलं होतं.

मग बोलणं ऐकू यायला लागलं. शब्द कळत नव्हते, दोन भिंती मध्ये होत्या. पण बोलण्याची चाल कळत होती. आधी सावकाश, मग एक छोटी चढण, मग मुद्दाम घेतलेला विसावा, आणि मग समोरच्याला हसू फुटेल असा शेवट. बावीस-पंचवीस वर्षं मी स्वयंपाकघरातून ही चाल ऐकली आहे. बाहेर गिऱ्हाईक बसलेलं असायचं आणि मी आत म्हणायचे, आता तो हो म्हणणार.

रेडिओ असेल. बाजूच्या चाळीत कोणीतरी मोठ्याने लावला असेल. माझं डोकं अशी कारणं पुरवत होतं.

ह्यांनी माझा हात धरला. डावा हात, कापणारा, पण इतका घट्ट की बांगडी रुतली. मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते. गाल ओला होता. त्यांनाही ऐकू येत होतं. नवऱ्याचा आवाज मी भिंतीपलीकडून ऐकत होते आणि नवरा माझ्या शेजारी बसून तोच ऐकत होता.

"टँकवर कोण आहे हो?" साहेबांनी वैतागून विचारलं.

शिट्टी किल्ल्या घेऊन गेली. आवाज बंद झाला. ती परत आली ती भिंतीला धरून. "कोणी नाही, साहेब," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "मॅडम, ह्यांना पाण्यात आणू नका आता. मला काही विचारू नका, मला काही माहीत नाही. पण आणू नका."

काका म्हणाले, "मी काय सांगत होतो?" आणि सांगायला लागले.

६

अभिप्राय द्यायची तारीख आली. मसुदा तयार होता. इमारत धोकादायक, दुरुस्ती परवडणारी नाही, पाडावी. मी घाबरून लिहिलं होतं, पण कारणं सगळी खरी होती. एकच गोष्ट मला छळत होती. घाबरून मी ह्यांचा पाय पणाला लावत होते. छातीत धडधडतंय म्हणून माणसाचं चालणं काढून घ्यायचं? शेवटचं एकदा बघू, म्हटलं. भर दुपारी, उजेडात, शुद्धीवर राहून.

शिट्टीने त्या दिवशी रजा टाकली होती. टँक कागदोपत्री बंद होता, किल्ली माझ्याकडे होती. मी ह्यांना कपडे बदलायच्या खोलीत नेलं. शर्टाचं वरचं बटण काढायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि मान हलवली. नाही.

"बरं, नका उतरू. बसा इथेच. मी जरा पंप बघून येते."

बाकावर बसवलं, काठी शेजारी उभी केली, पायांवर टॉवेल टाकला. ते माझा पदर सोडत नव्हते. मी एकेक बोट सोडवलं आणि दार ओढून घेऊन टँकपाशी गेले.

पाणी थांबलेलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी ते असं बघत होते, काचेसारखं. वरच्या खिडक्यांतून उजेड सरळ आत पडला होता. आणि पाण्यातून एक माणूस चालत होता.

तो माझ्याकडे पाठ करून पलीकडच्या भिंतीकडे चालला होता. कठड्याला हात न लावता. दोन्ही हात मोकळे, हवेत, बोलताना लोक हलवतात तसे. पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं आणि ते हलत नव्हतं. छातीच्या खाली मला तळाच्या फरश्या दिसत होत्या, एकामागे एक, सलग. मध्ये काहीही नव्हतं.

मी ओरडणार होते. ओरडायला तोंड उघडलं होतं.

"आलीस?" तो म्हणाला, न वळता. "केव्हाची वाट बघतोय. जेवलीस का? नाहीच जेवली असणार. तोंड पाडून उभी आहेस ते मला न बघताही कळतंय."

पळायचं मनात आलं नाही, हे मी कोणालाही शपथेवर सांगेन. मनात एवढंच आलं, अजून बोल.

"साहेबाने छळलं वाटतं परत? असं करू, त्याचा विमा काढू. एक ना एक दिवस लोक त्याला धरून बदडणार आहेत, आपला हप्ता काही वाया जायचा नाही. फक्त गिऱ्हाइकाला आधी सांगायचं नाही की आपणही त्या लोकांमध्ये आहोत म्हणून."

आणि मी हसले. अगदी पोटातून, खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वर्षभर मी कोणाच्या बोलण्यावर हसले नव्हते. छतावरून माझं हसणं परत आलं आणि त्यात त्याचंही मिसळलं. तो भिंतीपाशी पोचला होता. त्याने भिंतीला उजवा हात लावला, आणि वळायला लागला. खांदा दिसला. गालाची कड दिसली.

तेवढ्यात माझ्या मागे काहीतरी वाजलं. मी वळून बघितलं.

दारात आमचे हे उभे होते. काठी हातात नव्हती. कपडे बदलायच्या खोलीपासून तिथपर्यंतचा सगळा ओला बोळ ते काठीशिवाय, कोणाच्याही आधाराशिवाय चालत आले होते. डॉक्टर आणि थेरपिस्ट ज्याची वाट बघत होते ते चालणं, ज्यासाठी मी दोनदा नोकरी सोडायला निघाले होते ते चालणं. मला त्याची चाहूलही लागली नव्हती. मी तिकडे बघत हसत होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पाण्याकडे बघितलं. त्यांच्या ओठांनी एक-दोनदा काहीतरी जुळवायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला. मी पुढे होऊन धरेपर्यंत ते चौकटीला घसटत खाली बसले होते.

पुन्हा वळून बघितलं तेव्हा टँकमध्ये नुसतं पाणी होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत हलणारं.

७

मी मसुदा फाडला. नवा लिहिला. बाकी इमारत पाडावी, मात्र कोमट पाण्याचा छोटा टँक रुग्णांच्या सोयीसाठी कायम ठेवावा, त्याच्याभोवती नवी शेड बांधावी, आणि काम चालू असतानाही पाणी काढू नये. साहेबांनी चष्मा वर केला. म्हणाले, "पाणी का काढायचं नाही?" मी म्हटलं, भिंतींना तडे जातील. बांधकामातलं त्यांना फारसं कळत नाही. सही केली.

ह्यांना म्हटलं, "तुमच्या पायासाठी केलं हो."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

ते आता टँकवर येत नाहीत. दोनदा नेऊन बघितलं, गाडीतून उतरले नाहीत. पाय पुन्हा आखडत चालला आहे. थेरपिस्ट मला रागावला, पाण्यात न्या म्हणाला, मी मान डोलावली. दुपारी एक ओळखीची बाई घरी येऊन बसते, त्यांना भरवते, कूस बदलून देते. कामाची आहे बिचारी.

हॉल पाडून झाला. पेन्सिलने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही रोज कशाला जाता तिकडे? ठेकेदार बघतोय की." देखरेख नको का, मी म्हटलं. शिट्टीने बदली करून घेतली, तिच्या जागी कोणी मिळत नाही, त्यामुळे किल्ली माझ्याचकडे असते.

घरी यायला संध्याकाळ होते. सुरुवातीला मी दारातूनच कारण सांगायचे, मीटिंग लांबली, रस्त्यात गर्दी होती, ठेकेदाराने डोक्याला ताप दिला. ह्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर असायची. आरशात बघितलं तेव्हा मला कळलं की ते काय बघत असतात. मी दिवसभराची दमलेली बाई दिसत नाही. कोणीतरी छान गप्पा मारून, हसवून घरी पाठवलेली बाई दिसते.

आता मी कारण सांगत नाही. चपला काढते, हात धुते आणि त्यांना जेवायला बसवते. उशीर का झाला, हे ते विचारत नाहीत. विचारायला त्यांच्याजवळ शब्द नाहीत, आणि ते शब्द कोण वापरतंय हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.